अभ्यासिकेचे सहा संगणक : ग्राफिक्स कार्ड घ्यावे की न घ्यावे? (प्रकल्प नोंदी)

८ जून २०२४

राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत सहा संगणक बसवावेत असा ठराव मुंबईतील ग्रामविकास मंडळाच्या सभेत झाला आणि खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली. हाती २ लाख २० हजार रुपये आहेत. विंडोजच्या परवान्यांचा खर्च वेगळ्या देणगीतून होणार आहे, आणि सहा जुने पण सुस्थितीतील मॉनिटर एका सभासदाने दिले आहेत, त्यामुळे ही सगळी रक्कम यंत्रांवरच खर्च करता येईल. ७ सप्टेंबरला गणपती आहेत. चाकरमानी गावी पोहोचतील तेव्हा खोली सुरू झालेली असावी, अशी अपेक्षा आहे.

सभेत मतभेद झाला तो ग्राफिक्स कार्डावरून, म्हणजे पडद्यावरील चित्र तयार करणाऱ्या स्वतंत्र भागावरून. तात्यांचे म्हणणे स्पष्ट होते : "कार्ड नसलेला कॉम्प्युटर घेऊ नका रे, दोन वर्षांत पोरं रडत बसतील." खजिनदारांनी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले की प्रत्येक यंत्रामागे दहा हजार वाढणार असतील, तर सहाऐवजी पाचच यंत्रे येतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून ठेवायचे आणि ते मंडळापुढे मांडायचे असे ठरवले. या नोंदी त्यासाठी आहेत.

१२ जून २०२४

गावातील मुलांशी आणि शाळेतील शिक्षकांशी फोनवर सविस्तर बोललो. संगणकावर नेमके कोणते काम होणार हे ठाऊक नसताना कार्डाची चर्चा करण्यात काही अर्थ नाही, असे माझे पहिल्यापासून मत आहे.

सर्वाधिक वेळ जाणार आहे तो स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि जीसीसी-टीबीसी या सरकारी परीक्षेच्या मराठी-इंग्रजी टंकलेखनाच्या सरावात. या कामांना चित्र पडद्यावर नीट उमटण्यापलीकडे ग्राफिक्सची गरज नाही. फक्त व्हिडिओचा मुद्दा वेगळा तपासावा लागेल. त्यानंतर येतात तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकणारी आणि आयटीआयला आरेखक असणारी मुले. त्यांना ऑटोकॅड लागते, बहुतेक वेळा द्विमितीय नकाशांसाठी, कधीकधी त्रिमितीय प्रतिकृतीसाठी. तिसरे काम संख्येने लहान पण आमच्यासाठी मोलाचे आहे. गावच्या नमनाचे आणि जाखडीचे, म्हणजे कोकणातील लोककलांचे, गेल्या काही वर्षांचे चित्रीकरण मंडळाकडे साठून राहिले आहे. ते संपादित करून जतन करावे, अशी ज्येष्ठांची इच्छा आहे, आणि दोन मुले ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर शिकू इच्छितात.

म्हणजे सहाही यंत्रांवर एकच काम होणार नाही. सहा यंत्रांना एकच उत्तर लागू करण्याचा हट्टही धरायला नको.

१६ जून २०२४

आज फक्त अभ्यास आणि आकडेमोड.

अंगभूत, म्हणजे वेगळे कार्ड न लावता संगणकातच असणाऱ्या ग्राफिक्सविषयी तात्यांच्या पिढीचे जे वाईट मत आहे ते निराधार नाही. साधारण २०१० पर्यंत हे ग्राफिक्स मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे आणि त्याची ताकद खरोखरच बेताची होती. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज आणि एएमडीच्या लानो या पिढ्यांपासून ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आले, आणि तेव्हापासून त्यात सतत सुधारणा होत गेली. मात्र एक मर्यादा तेव्हा होती ती आजही आहे : अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर ज्या रॅममधून माहिती घेतो, त्याच रॅममधून ग्राफिक्सलाही घ्यावी लागते. एकाच नळावर दोन कुटुंबांनी पाणी भरावे तसा हा प्रकार आहे. वेगळ्या कार्डावर मात्र त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते, आणि कार्डाच्या किमतीत तिचाही वाटा असतो.

म्हणून "कार्ड की अंगभूत" या प्रश्नाच्या मुळाशी मेमरीची बँडविड्थ, म्हणजे ती सेकंदाला किती माहिती पुरवते हे प्रमाण आहे, आणि तिचा हिशेब कागदावर करता येतो. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते. दोन स्टिक दोन चॅनेलवर (स्वतंत्र वाटांवर) लावल्या की हाच आकडा ५१.२ होतो. जीटीएक्स १६५० या २०१९ च्या कार्डावरील मेमरी सेकंदाला १२८ जीबी देते.

आता हे आकडे आमच्या कामाला लावून पाहू. ऑटोडेस्कने ऑटोकॅडसाठी ग्राफिक्सची जी किमान अट दिली आहे, तिच्यात बँडविड्थ सेकंदाला २९ जीबी आहे आणि शिफारस १०६ जीबीची आहे. एका स्टिकवरील अंगभूत ग्राफिक्स किमान अटीच्याही खाली राहते. दोन स्टिक लावताच ते किमान अट सहज ओलांडते, जरी शिफारशीच्या निम्म्यापर्यंतच पोहोचते. बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त संगणकांत बहुधा ८ जीबीची एकच स्टिक असते. कार्ड नसल्याचा जो दोष लोक सांगतात, त्यातला मोठा वाटा माझ्या मते त्या रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या खाचेचा आहे.

२३ जून २०२४

मुंबईतील संगणकाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन भाव काढले. पाऊस असूनही गर्दी होती.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुमारे १२ हजारांना आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये किरकोळ विक्रीस आलेल्या या प्रोसेसरमध्ये सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आणि सात युनिटांचे व्हेगा नावाचे अंगभूत ग्राफिक्स आहे, व पंखाही सोबत मिळतो. कार्डाच्या बाजूने सर्वांत स्वस्त जोडी म्हणजे ग्राफिक्स नसलेला कोअर आय३-१२१००एफ आणि जीटीएक्स १६५०. हिचा खर्च मदरबोर्डातील फरक धरून प्रत्येक यंत्रामागे सुमारे १० हजारांनी जास्त येतो. सहा यंत्रांना हीच जोडी घ्यायची म्हटली तर रक्कम २ लाख ४९ हजारांच्या घरात जाते. खजिनदारांची भीती रास्त होती : एक यंत्र कमी करावे लागेल.

यावर तोडगा म्हणून एका दुकानात स्वस्त कार्डे सुचवण्यात आली, आणि या बाबतीत मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. चार-पाच हजारांत "कार्ड" मिळते ही गोष्ट खरी आहे. पण जीटी ७१० हे एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीचे कार्ड आहे. एनव्हिडियाने २०२१ मध्येच या पिढीला नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवले आणि सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतही सप्टेंबर २०२४ पर्यंतचीच. जीटी १०३० दोन प्रकारांत येते आणि दोन्ही डब्यांवर नाव एकच असते. जीडीडीआर५ मेमरी असलेले कार्ड सेकंदाला ४८ जीबी देते, तर डीडीआर४ मेमरीचे जेमतेम १६.८ जीबी, म्हणजे संगणकातील रॅमच्या एका स्टिकपेक्षाही कमी. असे कार्ड बसवणे म्हणजे पैसे देऊन यंत्र मंद करणे होय. ५६००जीमधील ग्राफिक्स दोन स्टिकवर चांगल्या जीटी १०३० ची बरोबरी करते, त्यामुळे या दर्जाच्या कार्डांना आमच्या यादीत जागाच उरत नाही.

वापरलेली कार्डेही पाहिली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी "खाणकामा"ची पद्धत सोडल्यानंतर आरएक्स ५८० सारखी कार्डे जुन्या बाजारात मोठ्या प्रमाणात आली. ताकदीच्या मानाने ती स्वस्त आहेत, परंतु १८५ वॅट विजेची भूक, रात्रंदिवस चाललेले पंखे आणि हमीचा अभाव पाहता सार्वजनिक अभ्यासिकेत ती ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यातच ५८० च्या नावाखाली कमी कोअरचे, प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचे २०४८एसपी कार्ड विकले जाते. १०५० टीआयचे लेबल लावलेली, आत दहा वर्षांहून जुनी चिप असलेली बनावट कार्डेही फिरत असतात. ज्याला वापरलेले कार्ड घ्यायचेच असेल त्याने जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तो चालवून पाहावा. चिप आणि लेबल जुळत नसतील तर तो तसे दाखवतो.

नमुना म्हणून ५६००जीचे एक यंत्र आज घेतले. बाकी खरेदी चाचणीनंतर.

३० जून २०२४

परळला गावकीच्या खोलीत नमुना यंत्र जोडले आणि तंत्रनिकेतनातील एका मुलाला त्याच्या अभ्यासाच्या फायली घेऊन बोलावले. ऑटोकॅडचा विद्यार्थी परवाना त्याच्याकडे आहेच.

आधी ८ जीबीची एकच स्टिक ठेवली. द्विमितीय नकाशा, अगदी हॅचिंगने भरलेला असला तरी, समाधानकारक चालला. याचे आश्चर्य वाटायला नको, कारण ऑटोकॅडचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते आणि तिथे ग्राफिक्सचा फारसा संबंध येत नाही. मग त्याने तीन मजली इमारतीची प्रतिकृती उघडली, दृश्य छायांकित केले आणि माउसचे चाक दाबून ती फिरवू लागला. इमारत त्याच्या हाताबरोबर फिरत नव्हती; हात थांबला तरी ती क्षणभर पुढे सरकत राही, आणि मग एकदम जागेवर येई. मुलगा दर वेळी वाट पाहत होता.

यंत्र बंद करून दुसरी ८ जीबीची स्टिक बसवली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोन्ही खाचा भरलेल्या आणि वेग ३२०० असल्याची खात्री केली. तीच फाइल, तेच दृश्य. आता इमारत हाताबरोबर फिरली. सर्व मजल्यांचे दरवाजे-खिडक्या एकाच वेळी दिसू लागल्या की अजूनही थोडी अडखळते, पण विद्यार्थ्याने काम करावे आणि त्याचे लक्ष कामातच राहावे एवढी सहजता नक्की आली. त्याने स्वतःहून सांगितले की त्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही हे काम साधारण असेच चालते.

प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, ड्रायव्हर तोच. फरक फक्त दुसऱ्या स्टिकचा, म्हणजे पावणेदोन हजार रुपयांचा होता. १६ जीबीची एक स्टिक आणि ८ जीबीच्या दोन स्टिक यांच्या किमतीत फारसे अंतर नाही, तेव्हा कार्ड नसलेल्या यंत्रात दोन स्टिकच घ्याव्यात. भविष्यात रॅम वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील, कारण स्वस्त मदरबोर्डवर खाचा दोनच असतात. हा तोटा स्वीकारण्याजोगा आहे.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची मेमरी किती असावी, हेही पाहिले. मूळ सेटिंगमध्ये ती ५१२ एमबी होती आणि विंडोज गरजेप्रमाणे आणखी उसनी घेते, म्हणून ती वाढवल्याने वेग वाढत नाही. पण काही सॉफ्टवेअर सुरू होतानाच राखीव आकडा तपासते आणि तो कमी दिसला तर सूचना देते. १६ जीबीमधून २ जीबी बाजूला ठेवले तरी १४ उरतात, तेव्हा २ जीबी ठेवले आहेत. ८ जीबीच्या यंत्रात हे परवडले नसते.

७ जुलै २०२४

व्हिडिओची तपासणी. व्याख्याने बहुतेक यूट्यूबवरच पाहिली जातील, आणि यूट्यूब आता मुख्यतः व्हीपी९ व एव्ही१ या दोन पद्धतींनी दाबलेले व्हिडिओ पाठवते. ते उलगडण्याची सोय ग्राफिक्समध्ये असेल तर प्रोसेसर मोकळा राहतो, नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

५६००जी व्हीपी९ स्वतः उलगडते, एव्ही१ नाही. एव्ही१चा व्हिडिओ लावला तेव्हा सहा कोअरनी तो विनातक्रार चालवला. १०८०पीला अडचण येत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीतील यूएचडी ७३० ग्राफिक्सला मात्र दोन्ही पद्धती येतात, आणि निव्वळ व्हिडिओ व टंकलेखनासाठी यंत्र हवे असते तर मी आय३-१२१०० घेतला असता. त्रिमितीय कामात यूएचडी ७३० व्हेगाच्या बरेच मागे पडते, म्हणून तो विचार सोडला. जीटी ७१० ला यातली एकही पद्धत येत नाही. कार्ड आहे एवढ्यानेच ते अंगभूत ग्राफिक्सहून सरस ठरत नाही, हे तात्यांना समजावण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडेल.

एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. एएमडीने २०२३ च्या अखेरीस व्हेगा पिढीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून वेगळे केले. आवश्यक दुरुस्त्या मिळत राहतील, पण नव्या खेळांसाठीच्या सुधारणा अपेक्षित धरू नयेत. आमच्या कामाला त्याने बाधा येत नाही. कोणी फक्त खेळांसाठी हे वाचत असेल तर त्याने एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटवरील ८६००जीचा विचार करावा. जानेवारीत आलेल्या त्या प्रोसेसरचे ग्राफिक्स बरेच पुढचे आहे, मात्र त्याला लागणारी डीडीआर५ रॅम आणि मदरबोर्ड धरता आमच्या रकमेत तो बसत नाही.

१४ जुलै २०२४

आता उरला तिसऱ्या कामाचा, म्हणजे नमनाच्या चित्रीकरणाचा आणि ब्लेंडरचा प्रश्न. येथे मात्र माझे मत कार्डाच्या बाजूने आहे, आणि ते तडजोडीने झालेले नाही.

व्हिडिओ संपादनासाठी आम्ही दाविंची रिझॉल्व्ह वापरणार आहोत. हा प्रोग्रॅम रंगसुधारणा आणि दाणेदार चित्राची सफाई जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्सवर करतो. नमन रात्री होते, दिव्यांच्या उजेडात होते. चित्रीकरणात दाणे पुष्कळ आहेत आणि ती सफाई केल्याशिवाय गणेशाचा किंवा संकासुराचा मुखवटा नीट दिसत नाही. ब्लेंडरने ३.० आवृत्तीपासून ओपनसीएलचा (सर्व कंपन्यांच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या पद्धतीचा) आधार काढून टाकला, तेव्हापासून त्यातील सायकल्समध्ये ग्राफिक्सवर रेंडर करायचे, म्हणजे अंतिम चित्र तयार करायचे तर सर्वांत निर्धोक वाट एनव्हिडियाच्या कार्डाचीच आहे. ही दोन्ही कामे अंगभूत ग्राफिक्सवर अशक्य नसली, तरी मुलांनी त्यांच्यापुढे तासन्‌तास बसून राहावे आणि शेवटी कंटाळून सोडून द्यावे, एवढी संथ होतात.

मग कोणते कार्ड? आरएक्स ६४०० ची किंमत आकर्षक आहे, पण ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने (माहितीच्या वाटांनी) बोलते. पीसीआयई या जोडणीची वेगवान ४.० आवृत्ती असलेल्या बोर्डावर ते चालून जाते. ५६००जी पीसीआयई ३.० पर्यंतच जाते, तिथे या चार लेन अपुऱ्या पडतात. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची, म्हणजे दाबून साठवण्याची सोयच नाही, म्हणजे आमच्या कामासाठी ते बाद. इंटेलचे आर्क ए३८० एन्कोडिंगला उत्तम आहे, परंतु ब्लेंडर शिकवणारी बहुतेक मराठी-हिंदी व्याख्याने एनव्हिडिया गृहीत धरून केलेली असतात, आणि नवशिक्या मुलांना तेवढीही आडवाट नको. जीटीएक्स १६५० चार जीबीवर थांबते. रिझॉल्व्हमध्ये चित्र मोठे झाले की मेमरी संपल्याची सूचना येते.

फेब्रुवारीत आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड सर्वांत योग्य वाटते. सेकंदाला १६८ जीबी बँडविड्थ, म्हणजे ऑटोकॅडची शिफारसही ओलांडली जाते, आणि ७० वॅटमध्ये काम होत असल्याने एसएमपीएसची (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वेगळी वायर लागत नाही. खरेदीच्या वेळी डब्यावर ६ जीबी हेच लिहिले आहे ना, हे पाहायचे. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. भाव सुमारे १७ हजार.

२१ जुलै २०२४

गावात पावसाळ्यात फांद्या पडून वीज वारंवार जाते, तेव्हा विजेचा हिशेब ग्राफिक्सच्या निर्णयातून वगळता येत नाही.

साध्या ६०० व्हीए यूपीएसवर ३६० वॅटची मर्यादा लिहिलेली असते. मर्यादेचा प्रश्न कोणत्याच यंत्राला येणार नाही. प्रश्न किती वेळ मिळेल याचा आहे. आतील बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तासांची असते आणि प्रत्यक्षात त्यातला निम्मा-पाऊण भागच हाती लागतो. ५६००जीचे यंत्र टंकलेखन किंवा चाचणीच्या वेळी मॉनिटरसह ६० वॅटच्या आसपास घेते, त्यामुळे अर्धा तास निघू शकतो. ऑनलाइन सराव चाचणी अर्ध्यावर असलेल्या मुलासाठी हा अर्धा तास महत्त्वाचा आहे. कार्डावर रेंडर चालू असलेल्या यंत्राला दीडशे वॅटच्या पुढे लागतील आणि तीच बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरेल. कार्डाच्या यंत्राला १००० व्हीएचा यूपीएस घ्यायचा.

२८ जुलै २०२४

निर्णय मंडळापुढे मांडला आणि मंजूर झाला.

पाच यंत्रे कार्डाशिवाय : ५६००जी १२,०००, ए५२० मदरबोर्ड ५,२००, ८ जीबीच्या दोन स्टिक ३,५००, ५०० जीबी एसएसडी ३,०००, कॅबिनेट व एसएमपीएस ४,२००, कीबोर्ड-माउस ८०० आणि यूपीएस २,८००, असे प्रत्येकी ३१,५०० रुपये. सहावे यंत्र आय५-१२४००, एच६१० बोर्ड आणि आरटीएक्स ३०५० चे, मोठ्या यूपीएससह ५४,१००. एकूण २ लाख ११ हजार ६००.

सहाव्या यंत्रासाठी थोडा स्वस्त "एफ" प्रोसेसर का नको, असा प्रश्न खजिनदारांनी विचारला. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला. कार्ड बिघडले तर पडदा काळा आणि यंत्र दुरुस्तीला मुंबईला येईपर्यंत बंद. आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, तेव्हा कार्ड काढून घेतले तरी यंत्र टंकलेखन आणि व्हिडिओसाठी चालू राहील. गावापासून दुरुस्तीचे दुकान किती दूर आहे, हेही खरेदीत मोजायला हवे. खजिनदारांना ते पटले.

तात्यांनी विचारले, "आणि बाकीच्या पाचांना पुढं कार्ड लागलं तर?" बसवता येईल. मदरबोर्डवर जागा आहे, आणि ७० वॅटच्या कार्डाला पुरेल असाच एसएमपीएस घेतला आहे. कार्ड आधी घेऊन ठेवले तर ते वापराविना जुने होते. खाच मात्र जुनी होत नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि सहाव्या यंत्राच्या कार्डाचे पैसे स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला सांगितले.

२४ ऑगस्ट २०२४

गावी जाऊन सहाही यंत्रे जोडली. ओल असल्याने खोके उघडण्यापूर्वी एक रात्र खोलीत तशीच ठेवली.

देणगीतील मॉनिटरपैकी चारांना फक्त व्हीजीए आहे. ए५२० चे बोर्ड निवडताना व्हीजीएची जागा असलेलेच घेतले होते, त्यामुळे कनव्हर्टरचा खर्च वाचला. आरटीएक्स ३०५० वर व्हीजीए नसतेच. एचडीएमआय असलेला मॉनिटर त्या यंत्राला दिला.

त्याच यंत्राबाबत एक खबरदारी घेतली. त्याच्या मागे एचडीएमआयच्या दोन जागा आहेत, एक बोर्डाची आणि एक कार्डाची. केबल बोर्डाला लावली तरी चित्र दिसते, पण मग पडद्याचे काम अंगभूत ग्राफिक्सवर चालते, आणि कार्ड असूनही यंत्र मंद का, असा प्रश्न पडतो. बोर्डाची जागा टेप लावून बंद केली आणि कार्डाच्या जागेवर "मॉनिटर येथे" अशी चिठ्ठी चिकटवली. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा देऊन सहाही यंत्रांवर हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ग्राफिक्सची मदत) चालू असल्याचे पाहिले.

२२ सप्टेंबर २०२४

विसर्जनानंतर गर्दी ओसरली आणि आता नेहमीचा वापर सुरू झाला आहे. पाच यंत्रांवर सकाळी टंकलेखन, दुपारनंतर व्याख्याने आणि चाचण्या, संध्याकाळी ऑटोकॅड. ग्राफिक्सविषयी एकच तक्रार आली : एका मुलाने मोठ्या संकुलाची प्रतिकृती उघडली तेव्हा दृश्य अडखळू लागले. ती फाइल सहाव्या यंत्रावर नीट चालली. अशा फायलींसाठी सहाव्या यंत्राच्या वहीत संध्याकाळी एक तास राखून ठेवला आहे. उरलेला वेळ नमनाच्या संपादनाला आणि ब्लेंडरला. या वहीतील मागणी सतत राखीव वेळेबाहेर जाऊ लागली, तर दुसरे कार्ड पाचांपैकी एका यंत्रात बसवायचे. तेव्हा आठ लेनचे ३०५० पीसीआयई ३.० वर चालेल हे लक्षात घेऊन भाव काढायचे.

शिल्लक ८,४०० रुपयांतून यूपीएसच्या दोन जादा बॅटऱ्या आणि एक एसएमपीएस घेऊन ठेवतो. दसऱ्याला गावी जाणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी सामानात ते पाठवता येईल.